किती, ते सांगा

एप्रिल लागला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मेसेज ठरलेले असतात. पहिला: ‘बाजारातला आंबा खाऊ नका, केमिकलने पिकवलेला असतो, कॅन्सर होतो.’ दुसरा, साधारण तासाभराने: ‘थेट देवगडच्या बागेतून, १०० टक्के केमिकल-फ्री हापूस, बुकिंगसाठी पर्सनलवर या.’ कधीकधी दोन्ही मेसेज एकाच नंबरवरून आलेले असतात, पण तेवढं बारकाईने कोण बघतो!

पहिल्या मेसेजला बावीस हात जोडलेले, दुसऱ्याला चौदा ‘इंटरेस्टेड’. मी कोपरखैरण्यात राहते, वाशीचा फळबाजार माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. डॉक्टर नाही, विषशास्त्राची तज्ज्ञही नाही. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एक सवय लागली, ती सुटत नाही. कुणी आकडा न सांगता घाबरवायला लागलं की मला घाबरणाऱ्यापेक्षा घाबरवणाऱ्याचा धंदा आधी आठवतो. या दोन्ही मेसेजांत एक शब्द कधीच नसतो. किती?

आंब्यापासूनच सुरुवात करू. कोकणात आंबा उतरवला की अढी घालतात, म्हणजे पेंढ्याच्या थरांत आंबे रचून ठेवतात. शहरातल्या आज्या तेच काम तांदळाच्या डब्याकडून करून घेतात. दोन्हीकडे घडतं एकच. आंबा पिकताना एथिलीन नावाचा वायू सोडतो, तो वायू कोंडून राहिला की शेजारचा आंबाही पिकायला लागतो. व्यापाऱ्याचं रायपनिंग चेंबर म्हणजे मोठी अढी. एथिलीन बाहेरून सोडायचा, तापमान आणि ओलावा सांभाळायचा, आणि वायू मोजत राहायचा. अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे आपली एफएसएसएआय, यासाठी १०० पीपीएमपर्यंत एथिलीन वापरू देते. हवेच्या दहा हजार भागांत एक भाग. एथिलीन केमिकल आहे का? आहे. अढीतला एथिलीनही केमिकलच आहे, आणि अढीत तो कुणी मोजत नाही.

कॅल्शियम कार्बाइडची गोष्ट वेगळी. हा वेल्डिंगच्या दुकानातला खडा. त्याला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन निघतो आणि तो एथिलीनची नक्कल करून फळाला फसवतो. बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. फळं पिकवायला तो वापरण्यावर बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण त्याचं कारण नीट समजून घ्या. ‘कार्बाइड केमिकल आणि एथिलीन नैसर्गिक’ हे ते कारण नाही. चेंबरमधला एथिलीन सिलिंडरमधून येतो किंवा जनरेटरमध्ये तयार होतो, तोही कारखान्याच्याच वाटेने आलेला. फरक असा की चेंबरला मीटर लावता येतो. पेटीत खुपसलेल्या कार्बाइडच्या पुडीला मात्रा नसते. एका पेटीत किती, दुसरीत किती, वायू किती निघाला, फळाला किती चिकटला, यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं. आणि त्या पुडीचा सगळ्यात मोठा वाटा आंबा धुऊन, साल काढून खाणाऱ्या तुमच्या-माझ्यापर्यंत येतच नाही. तो पुडी बांधणाऱ्याच्या बोटांना लागतो आणि पेट्या उघडणाऱ्या माणसाच्या नाकात जातो. ग्रुपवरच्या मेसेजात हा माणूस कधी दिसलाय?

हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

पीपीएम हा शब्द ऐकून बिचकायचं कारण नाही. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एक ग्रॅम मीठ टाकून ढवळलंत की झालं एक पीपीएम. पीपीबी हवं असेल तर तेच एक ग्रॅम अशा हजार टाक्यांत वाटायचं. आजची यंत्रं पीपीबीच्याही खाली बघू शकतात. म्हणजे ‘अमुक पदार्थात तमुक विष सापडलं’ ही बातमी पदार्थाबद्दल जितकी सांगते तितकीच यंत्राच्या नजरेबद्दल सांगते. हजार टाक्यांतला एक ग्रॅम सापडला, हे त्या रसायनशास्त्रज्ञाचं कौतुक झालं. त्यातून तुमच्या यकृताबद्दल अजून काहीच कळलेलं नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटावं याचं नवल आहे. पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याने १५३८ मध्ये आपल्या विरोधकांना उत्तर देताना मांडलं की विष ठरतं ते मात्रेवरून, आणि विषशास्त्राची पुस्तकं अजून त्याच्याच नावाने सुरू होतात. आपल्याकडे चरकसंहितेत हाच विचार आहे: नीट योजलं तर जहालातलं जहाल विषही औषध होतं, आणि चुकीचं योजलेलं औषध विष. पण ग्रंथ कशाला, नुसता ‘मात्रा’ हा शब्द घ्या. मात्रा म्हणजे प्रमाण आणि मात्रा म्हणजे औषधसुद्धा. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर उगाळून चाटवायची. एखाद्यापुढे कुणाचीच मात्रा चालत नाही म्हणतो, तीही हीच. औषधाचं नाव आणि त्याचं माप या दोन्हींना एकच शब्द असलेल्या भाषेत आपण बोलतो, आणि ‘केमिकल आहे की नाही’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारतो. बाळगुटी उगाळणारी बाई वेढे मोजायची. हळकुंडाचे इतके, वेखंडाचा एक, जायफळाचा जेमतेम. जायफळाचा हात सैल सुटला तर पोर सुस्तावतं हे तिला कुठल्या लेबलवर वाचावं लागलं नाही. (तान्ह्या बाळाला गुटी द्यावी का, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञाला विचारा. बहुतेक जण नको म्हणतील. मी फक्त वेढ्यांबद्दल बोलतेय.)

आता ‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार’ या वाक्याकडे वळू. विदर्भाच्या पूर्वेकडे, धानाच्या शेतात उरलेल्या ओलीवर लाखोळी नावाचं कडधान्य येतं. खत नको, फवारणी नको, पाणीही फारसं नको. इन्स्टाग्रामवर विकायला याहून सोयीचं पीक नाही. ही डाळ अधूनमधून, बाकीच्या जेवणासोबत खाल्ली तर बहुतेकांना काही होत नाही. पण महिनोन्‌महिने पोट मुख्यतः तिच्यावरच भरलं, तर तिच्यातल्या विषामुळे पायांतली शक्ती जाते आणि ती परत येत नाही. या आजाराचं नाव लॅथिरिझम. केंद्राने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली. आजाराचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त अडवलं ते एका तपशिलाने. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची. मालकाच्या कोठारात तीच डाळ होती, पण मालकाला दुसरंही काही खायला परवडत होतं. एकाच गावात, एकाच डाळीने कुणाचे पाय गेले आणि कुणाचे नाहीत, हे गरिबीने ठरवलं. मात्रा ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रातच ठरते, असं मानणाऱ्यांनी रीवाची आठवण ठेवावी.

शहरातली उदाहरणं याहून साधी आहेत. पॅरासिटामॉलची ६५०ची गोळी आपण शेंगदाण्यासारखी पर्समध्ये बाळगतो. निरोगी मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही वरची हद्द, म्हणजे अशा सहा गोळ्या. त्याच्या अडीच-तीन पट एकदम पोटात गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. औषध तेच, दुकान तेच. हळद घ्या. भाजीतल्या हळदीने कुणाचं काही बिघडत नाही. तिचाच अर्क दाट करून, तो अंगात जास्त शोषला जावा म्हणून मिरीचं सत्त्व घालून विकलेल्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांतल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आजीची हळद आणि ती कॅप्सूल यांना एका वाक्यात बसवणारा इन्फ्लुएन्सर ‘नॅचरल’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. तो फक्त माप सांगत नसतो.

माप न सांगता भीती कशी विकतात हे बघायचं असेल तर पाण्याचा फिल्टर विकायला दारात येणाऱ्या माणसाला एकदा आत बोलवा. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, या शहराला त्याचा अभिमानही आहे. तो माणूस नळाच्या पाण्याचा एक ग्लास आणि आरओच्या पाण्याचा एक ग्लास टेबलावर मांडतो. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं यंत्र बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ, किळसवाणं होतं. आरओचं तसंच नितळ. ‘बघा मॅडम, हे तुम्ही पिताय.’ घरातल्या मोठ्यांचे चेहरे पडतात. खरं तर त्या ग्लासात दिसतो तो कांडीच्या लोखंडाचा गंज. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते, म्हणून कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नाहीतच म्हणण्याइतके कमी, त्यामुळे वीज वाहत नाही. त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता परत करून दाखवा. तोही ग्लास तपकिरी होईल. मीठ घरचंच असू द्या.

मग तो टीडीएसचं पेन काढतो. टीडीएस म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत याचा अंदाज. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि ५०० च्या खाली असेल तिथे आरओ बसवू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं. पण इथे खरी गंमत दुसरीच आहे. त्याच मानकात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पेनवर सगळ्यात लहान घर एक मिलिग्रॅमचं. उद्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेच्या वीसपट झालं तरी त्या पेनवरचा आकडा जागचा हलणार नाही. म्हणून नुसता आकडा दाखवला की काम भागत नाही, कशाचा आकडा आहे तेही विचारावं लागतं.

यावर माझे मित्र एक बिनतोड वाटणारं उत्तर देतात. ठीक आहे, मापं वगैरे खरी, पण ती मोजणारे सरकारी लोक. त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवायचा? त्यापेक्षा शून्य बरं. शून्य घेतलं तर हिशोबच नको.

शून्य नसतं. आणि शून्याचा आग्रह धरणाऱ्याला काय मिळतं ते आपण २०१५ मध्ये पाहिलं. मॅगीत शिसं सापडलं. कोलकात्याच्या प्रयोगशाळेचा आकडा १७.२ पीपीएम, मर्यादा २.५. जून महिन्यात एफएसएसएआयने विक्री थांबवली, महाराष्ट्रासकट अनेक राज्यांनी बंदी घातली, टीव्हीवर लोकांनी पाकिटं जाळली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालावर बंदी उभी होती त्यांना तशी मान्यता नव्हती, आणि कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं नव्हतं. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला लावल्या, त्यांत शिसं मर्यादेत निघालं, दिवाळीच्या सुमाराला मॅगी परत दुकानात. या प्रकरणात कंपनी जिंकली की हरली यात मला रस नाही. देशभर दोन महिने गदारोळ झाला आणि त्या गदारोळातून आपण एकही चांगली प्रयोगशाळा मागितली नाही, हे मला खुपतं. ‘मॅगीत विष आहे’ ते ‘मॅगीत विष नाही’, एवढाच प्रवास झाला. मोजणारं यंत्र कुठलं, त्याची तपासणी कुणी केली, जिल्ह्याच्या ठिकाणी तसं दुसरं आहे का, हे प्रश्न टीव्हीवर आलेच नाहीत. सगळ्यांत विष आहे असं एकदा म्हटलं की जो खरंच विष ओततोय तोही ‘सगळ्यां’मध्ये सामील होऊन निवांत बसतो.

शिशाचं नाव निघालंच आहे तर एक कबुली विज्ञानाच्या बाजूने देऊन टाकते. ‘थोडं चालतं’ हा नियम सगळ्यांना सरसकट लागत नाही. शिशाची अमुक पातळी रक्तात असली तरी मुलाला अपाय नाही, अशी पातळी सापडलेली नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं अंगातून सहजी निघून जात नाही, हाडांत साठत राहतं. म्हणून तर २००० पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमधून ते काढून टाकलं. पण याने ‘किती’ हा प्रश्न मोडीत निघत नाही. तो आणखी टोकदार होतो. आज किती, याच्या जोडीला आजवर किती साठलं आणि कुणाच्या अंगात, हेही विचारावं लागतं. दहा किलोच्या बाळाला आणि सत्तर किलोच्या बापाला एकाच चमच्याने मोजता येत नाही.

इथवर वाचून काही जणांना आनंद झाला असेल. विशेषतः ज्यांच्या तोंडात ‘सगळं मर्यादेत आहे’ हे वाक्य कायम असतं त्यांना. त्यांनी थांबावं, आता त्यांचीच पाळी आहे.

कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, तळोजा इथे राहणाऱ्याला रात्रीच्या वासाबद्दल सांगावं लागत नाही. खिडकी उघडी ठेवून झोपलं की दोन-अडीचला डोळे चुरचुरत जाग येते. तक्रार केली की सकाळी सांगतात, निर्देशांक मर्यादेत होता. खोटं बोलतात का? गरजच नाही. सरासरीने काम होतं. हवेतल्या सूक्ष्म धुळीसाठी, पीएम २.५ साठी, आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. समजा वीस तास आकडा ४० राहिला आणि रात्रीचे चार तास १५०. सरासरी येते ५८. मर्यादेत! (वास आणि धूळ या दोन वेगळ्या गोष्टी, पण हिशोबाची युक्ती तीच.) आमच्या धंद्यात सर्व्हरची तब्येत नुसत्या सरासरीवरून सांगणाऱ्याला मीटिंगमध्ये कुणी बोलू देत नाही. शंभरातल्या सगळ्यात रखडलेल्या रिक्वेस्टला किती वेळ लागला ते आधी दाखव म्हणतात, त्याला आम्ही पी९९ म्हणतो. एखाद्या शॉपिंग अ‍ॅपचं पान उघडायला किती वेळ लागतो याची आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी रात्री अडीचच्या फुप्फुसांची घेत नाही.

आणि ही ६० ची मर्यादा कुठून आली? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला याच मापासाठी १५ चा आहे. नवी मुंबईकराची फुप्फुसं जिनिव्हावाल्याच्या चौपट दणकट नाहीत. मर्यादा माणसं ठरवतात. त्यात विज्ञान असतं, तसाच उद्योगांना काय झेपेल याचा सौदाही असतो. सौदा करायला माझी हरकत नाही, लपवायला आहे.

सांडपाण्यात तर आणखी एक हातचलाखी आहे. मर्यादा बहुधा लिटरमागे असते. दहा लाख लिटर पाणी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेत राहून रोज सोडलं, तर तीस किलो घाण रोज खाडीत जाते. कायदेशीर. अशा शंभर नळ्या असल्या तर तीन टन. त्याही कायदेशीर, प्रत्येक नळी आपापल्या मर्यादेत. आम्ही प्रत्येक युजरला मिनिटाला इतक्याच रिक्वेस्ट अशी मर्यादा घालतो आणि तरी सर्व्हर कोसळतो, कारण युजर किती हे कुणी मोजलेलं नसतं. खाडीला एकूण बेरीज लागते. खाडी सरासरीत मरत नाही.

आणि जिथे मोजायचंच टाळलं जातं, तिथे काय होतं ते महाराष्ट्राला दोनदा कळलेलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, कारखान्यांत वापरलं जाणारं, मूत्रपिंड बंद पाडणारं द्रव्य. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंतचं सगळं उघड्यावर मांडलं, राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. हे द्रव्य औषधी कच्च्या मालात अंशमात्र येऊ शकतं, म्हणून त्याला ०.१ टक्का अशी मर्यादा असते. शून्य नाही, ०.१ टक्का, आणि ती तपासायची असते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, ‘कोल्ड्रिफ’ नावाचं खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपुरात आणलं होतं. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने बाटलीतलं औषध तपासलं तेव्हा हेच द्रव्य ४८.६ टक्के निघालं.

०.१ आणि ४८.६. मर्यादेच्या जवळजवळ पाचशेपट. हे ओळखायला पीपीबी बघणारं यंत्र लागत नाही, साधी चाचणी बाटली बाहेर पडण्याआधी करावी लागते. जेजेनंतर ३९ वर्षं मिळाली होती. त्या आठवड्यात ग्रुपवर काय फिरत होतं? ‘अ‍ॅलोपॅथीची सिरपं बंद करा, सगळी केमिकल आहेत, त्यापेक्षा आल्याचा रस द्या.’ औषध निरीक्षक किती आहेत, प्रयोगशाळा किती, राज्यात वर्षाला किती नमुने तपासले जातात, असं विचारणारा एक मेसेज मला आला नाही. ज्यांनी चाचणी केली नाही त्यांच्यासाठी याहून मवाळ जनता कुठे मिळणार?

माझं ‘केमिकल-फ्री’शी भांडण आहे ते इथे. हा शब्द भोळा आहे म्हणून मी चिडत नाही. तो सुटकेचा रस्ता विकतो. पैसे असतील तर आरओ, हवेचा प्युरिफायर, ऑरगॅनिकची टोपली, देवगडची पेटी, असं एकेक करून आपण आपल्या घरापुरती मात्रा कमी करून घेतो. त्यातलं बरंचसं गरजेचंही नसतं. आणि मग बाहेर किती आहे हे मोजायला लावण्यात आपला काही स्वार्थ उरत नाही.

बाहेर कोण आहे? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कपाशी डोक्याच्या उंचीला आलेली, एकात एक मिसळलेली कीटकनाशकं, पाठीवर पंप, अंगात रोजचाच सदरा, हातमोजे नाहीत. त्या कपाशीचा सूत झाला असेल, सुताचा कपडा, कदाचित आता माझ्या अंगावर असलेला टी-शर्टही. पिंजून, धुऊन, रंगवून माझ्यापर्यंत त्या विषाचं जवळजवळ काही पोचत नाही. मात्रा संपूर्णपणे त्या सदऱ्यात राहिली. ऑरगॅनिक दुकानात भेंडीवरच्या अवशेषांबद्दल तावातावाने बोलणाऱ्यांना मी हे सांगितलं की म्हणतात, हो ना, बघा किती विषारी असतं ते. आपल्या पोटात किती जाईल, एवढ्यापाशीच त्यांचं बोलणं थांबतं.

आपल्या शहराच्या कडेलाही असे लोक आहेत. तळोजा एमआयडीसीतून वाहत कासाडी नदी खाडीला मिळते, तिच्या काठचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे धरत आलेत. २०१६ मध्ये तिथल्या मच्छीमारांनी नदीचं पाणी नवी मुंबई महापालिकेच्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं. ‘नदीत केमिकल आहे’ हे त्यांना नाकाने कळत होतंच, त्यांना आकडा हवा होता. पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू खर्च होईल याचं एक माप असतं, बीओडी. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला ३ मिलिग्रॅम. नदी-नाल्यात सोडायच्या, प्रक्रिया झालेल्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा ३० ची. कासाडीचा आकडा ८० निघाला. नदीच सांडपाण्यापेक्षा घाण होती. हा आकडा घेऊन पुढे त्यांच्यातले लोक हरित लवादापर्यंत गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राला तिथे उत्तरं द्यावी लागली.

८० चा आकडा तेव्हा एखाद-दुसऱ्या वर्तमानपत्राच्या शहर पुरवणीपलीकडे गेला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातले भटके कुत्रे निळे दिसायला लागले, एका कारखान्याच्या रंगाने. त्यांचे फोटो जगभर फिरले, परदेशी वाहिन्यांवर आले, आपल्या ग्रुपवरही आले, आणि थोड्याच दिवसांत प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. नदीचा आकडा तोवर वर्षभर जुना झाला होता.